एकशे तेरा नंबरचा निंब

३ जून
पहाटे साडेपाचला निघालो, मी आणि कुंदा. ह्यांनी दारात दोन्ही सायकलींत हवा भरून दिली आणि वर म्हणाले, "दोघींचं वय मिळून सव्वाशे होतं, जपून." एकशे चोवीस होतं. जन्मभर मी गणित शिकवलं, घरात चूक खपवून घेणार नाही.

कुंदा शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन देवळीला गेली, तिथे कापडाचं दुकान सांभाळलं. या उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आली, तीही आमच्याच गल्लीत. मुलाने लाल टोपलीची सायकल घेऊन दिली आहे, मिरवते नुसती.

आज सिव्हिल लाइन्स. चिंचांच्या सावलीतला मोठा रस्ता. शाळेतून येताना संपता संपायचा नाही, आज सात मिनिटांत संपला.
कुं. म्हणाली, "रस्ता तेवढाच आहे वं. तवा आपण चिंचा पाडत यायचो."
ठरलं: पाऊस लागेपर्यंत गावातली जुनी उद्यानं आणि झाडांचे रस्ते सगळे पालथे घालायचे. रोज एक.

५ जून
टेकडी. अर्ध्यात उतरून सायकली ढकलल्या. कुं. म्हणे चढ वाढला. येताना जुन्या बागेत बसलो. कारंजं बंद, दगडी कट्टा तोच. गेटावर तर्री-पोहे. तर्री दोनदा मागितली. घरी सांगितलेलं नाही.
फार छान सकाळ.

६ जून
पाय बोलतायत. सुट्टी.

७ जून
कुं. पहिल्या दिवसापासून सेवाग्राम रोड म्हणत होती, मी आज-उद्या करत होते. आज गेलोच.

तिचा निंब. नववीत असताना शाळेने श्रमदानात रस्त्याकडेला झाडं लावून घेतली होती, प्रत्येकीला एक खड्डा, एक रोप, नावाची पत्र्याची पाटी. त्यातली हातावर मोजण्याएवढी उरली. कुंदाचं उरलं. देवळीहून दर वटसावित्रीला बसने यायची आणि वड सोडून या निंबाला दोरा बांधायची. "वडाले लई गर्दी राह्यते, देवाले ऐकू जात नाई." गेल्या वर्षीचा दोरा अजून आहे खोडावर, मळका.

दोऱ्याच्या वर पिवळ्या रंगात नंबर. ११३. पुढच्या झाडावर ११४. रस्ता रुंद होणार, नंबरची झाडं तोडणार म्हणतात. कुं. सायकल धरून उभी राहिली. मग पदराने नंबर पुसायला लागली. ऑइलपेंट, कसा पुसला जाणार.

८ जून
कुंदाच्या मुलाने नगरपालिकेत चौकशी केली. हरकत लेखी द्यायची, आठ दिवसांत. कुं. दुपारी कागद घेऊन आली. "तुह्यं अक्षर चांगलं आहे, तू लिही." तिने सांगितलं तसं लिहायला घेतलं: हे झाड मी, कुंदा, नववीत असताना स्वतःच्या हाताने लावले. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.
मी म्हणाले, पेन संपलं. पेन संपलं नव्हतं.

९ जून
इथे तरी लिहू.
त्या उन्हाळ्यात कुं. मामाकडे आष्टीला गेली होती. तिचं रोप बकऱ्यांनी खाल्लं, बुंधासुद्धा ठेवला नाही. शेजारचं माझं चांगलं हातभर झालेलं. ती आल्यावर रडेल म्हणून मी पाट्या बदलल्या. तिची माझ्या रोपाला, माझी रिकाम्या खड्ड्याला. ती आली आणि मलाच समजावत बसली, "रडू नको, माह्यातलं अर्धं तुह्यं." पुढे सांगायचं राहिलं. मग सांगण्यासारखं उरलं नाही.

तोंडाने एकदा खोटं बोलले, ते वय चौदा होतं. आता बासष्टाव्या वर्षी सही करून बोलायचं? सांगावं, तर तिचा निंब जातो तो रस्तेवाल्यांच्या आधी माझ्याच हातून.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षांनी काय फरक पडतो?" मला पडतो.

११ जून
बागेतल्या कट्ट्यावर सांगून टाकलं. बकऱ्या, पाट्या, सगळं. तिचा पोह्यांचा घास हातातच राहिला.
"म्हंजे माह्यं झाडच नाई?"
मी माझी प्लेट खाली ठेवली.
"नातवाले दाखोलं मी. सुनेले दाखोलं. इतके वर्षं दोरा बांधला. काऊन नाई सांगितलं वं?"
सायकल घेऊन एकटी निघून गेली. पोह्यांची प्लेट तशीच. फार वाईट वाटतंय.

१२ जून
आली नाही. मीही गेले नाही. ह्यांनी विनाकारण दोन्ही चाकांत हवा भरली.

१३ जून
सव्वापाचला दारात घंटी. कुं. आत न येता सायकलवरूनच म्हणाली, "एक सांग. झाड लावलं तू. पाणी कोनं घातलं?"
तिने. आठवलं तसं अंगावर आलं. दहावी संपेपर्यंत रोज, शेतातल्या विहिरीवरून डब्बा भरून, शाळेच्या आधी. मी नव्हते जात. माझं मेलं असं मीच सांगितलं होतं, मग कशाला जाणार?
"मंग? तू लावून मोकळी झाली. जगवलं मी. चाल, कागद काढ."
इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. रडलेही थोडी, ती म्हणाली आता पुरे, ऊन होईल.

नवा कागद. "लावले शालिनीने, जगवले कुंदाने." दोघींच्या सह्या.

१५ जून
अर्ज दिला. टेबलामागच्या बाबूने वाचला, चष्म्यावरून पाहिलं. "झाड नेमकं कोनाचं, ते सांगा बाई."
मी म्हणाले, "हिचं."
त्याच वेळी कुं. म्हणाली, "हिचं."
"एकीनं बोला न जी."
शिक्का मारून पोच दिली. निर्णय कळवू म्हणाला. कधी, ते तोही सांगू शकला नाही.

१८ जून
कळवलेलं नाही. टेकडीचा मागचा रस्ता केला. चढ कमी झालाय.

२० जून
सेवाग्राम रोड. नंबर तसाच, दोरा तसाच. खाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. कुं.ने लाल टोपलीत मूठभर घेतल्या, मी रुमालात. ती म्हणते अंगणात लावू. मी विचारलं, पाट्या कोण लिहिणार? ती म्हणाली, "तू तर नाईच."

निघताना तिने टोपलीतून पाण्याची बाटली काढली आणि बुंध्याशी रिकामी केली. मग मीही माझी केली. एवढ्या मोठ्या झाडाला दोन बाटल्या पाण्याने काय होतं, हे दोघींनाही कळतं. उद्याही जायचं ठरलं.