विमानतळावर दिसल्याबद्दल खुलासा

चि. सौ. ठमीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. (रागात असलीस तरी ते घ्यावे लागतील, परत पाठवायची सोय नाही.) आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझा उजवा गुडघा कसा आहे, जिना उतरताना अजून वाजतो का, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस की यजमानांना करायला लावून बघत बसतेस, हे सविस्तर कळव. यजमानांना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेला तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे पोचला. आमच्या ह्यांनी तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि हे एक खडकाळ बेट असून उत्तरेकडून बोट लावणं अवघड जाईल, असं सांगितलं. भूगोलाच्या मास्तरांना निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग द्यायला हवा, असं मी फार दिवस म्हणते आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या बुधवारी मी तुला नेहमीसारखा निरोप पाठवला, की ऑपरेशनला यायची इच्छा फार आहे पण रजेचं जमत नाही. त्यावर तुझं उत्तर आलं, "कळलं." पुढे पूर्णविराम. ठमे, तू जन्मात कधी पूर्णविराम दिलेला नाहीस. शाळेत तुझे निबंध एका दमात असायचे आणि गुरुजींना धाप लागायची. तेव्हा ते टिंब पाहूनच मी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतं आहे. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. मग यजमानांना गाठलं तेव्हा कळलं, की तुझ्या समोरच्या घरातल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला मंगळवारी तुमच्या विमानतळावर पाहिलं आणि विमान सुटायच्या आत तुला फोन केला. (दुसऱ्याला तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदा आहे हे खरं, पण कधीतरी स्वतःचं मिटून बघायला हरकत नसावी.) तर आरोप असा, की धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनला यायला जिला रजा नाही, ती त्याच आठवड्यात बहिणीच्या गावात उतरली, घरी फिरकली नाही, आणि परत जाताना विमानाच्या दारात गुडघ्यांवर बसलेली आढळली. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खुलासा बाकी आहे, आणि तो मी क्रमाने देते. क्रम सोडून दिलेल्या खुलाशाला रडगाणं म्हणतात.

मी नोकरीत नक्की काय करते, हे तुला आजवर समजलेलं नाही. तू लोकांना "आमची ताई शोध लावते" असं सांगतेस. मी शोध लावत नाही. लोकांनी लावलेले शोध मी नाकारते. पेटंटचा अर्ज आला, की जे मागितलं आहे ते खरोखर नवं आहे का, हे पाहायचं. त्यासाठी आमच्या कायद्यात एक गृहस्थ आहेत. त्यांना नाव नाही, गाव नाही. आपल्या विषयात जगात जे जे छापून आलं ते त्यांनी सगळं वाचलेलं असतं, पण स्वतःहून काही सुचण्याची देणगी बेताचीच. अर्ज वाचून मी मनातल्या मनात त्यांना विचारायचं, हे तुम्हाला सुचलं असतं का? ते हो म्हणाले, की अर्ज बाद. (लग्नानंतर लवकरच मी हे वर्णन ह्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, स्थळ सांगून आलं तेव्हा मुलीची माहिती इतकी नेमकी दिली असती, तर विचाराला थोडा वेळ मागता आला असता.)

सध्या माझ्या टेबलावर विमानतळाच्या पुलाचा अर्ज आहे. इमारतीतून निघून विमानाच्या दाराला जाऊन चिकटते ती लांबलचक खोली तुला माहीत आहेच. त्या खोलीला चाकं असतात, ती लांब-आखूड होते, आणि तिच्या टोकाला बसून एक माणूस काचेतून बघत बघत ती विमानापर्यंत नेतो. अर्जदार कंपनीचं म्हणणं, माणूस तिथे हवा कशाला? तो दूर एका खोलीत पडद्यांसमोर बसेल आणि एकटा बरेच पूल सांभाळेल. पूल आपोआप दाराजवळ येऊन थांबेल, शेवटचा हातभर मात्र तो माणूस बटण दाबून धरील तोवरच सरकेल. बोट उचललं, की पूल जागच्या जागी. कल्पना वाईट नाही. पण अर्जात शब्द होता "दुरून" (इंग्रजीत "रिमोट"), आणि दूर म्हणजे किती दूर, हे अख्ख्या अर्जात कुठे नाही. एका जुन्या कागदात पुलाच्या पायथ्याशी उभा राहून, वायर लावलेल्या खोक्याने पूल चालवणारा माणूस आहे. तो दूर की जवळ? त्यांच्या वकिलांनी लेखी कळवलं, की जिथून विमानाचं दार डोळ्यांना दिसत नाही ते दूर. मी कळवलं, की चष्मा काढला की मला माझ्या घराचं दार दिसत नाही, तरी मी घरातच असते. शिवाय अर्जाच्या शेपटाला एक बारकासा दावा होता, की पूल टेकला की त्याच्या तोंडातून एक झडप पुढे येते आणि पूल व विमान यांच्यामधली चार बोटांची फट झाकते. त्यावर मी एका ओळीत शेरा मारला होता. फट दिसली की झाकावी, हे कोणालाही सुचेल.

मग सुनावणी झाली. (संगणकावर. दुरून चालणाऱ्या यंत्राची बाजू मांडताना वकिलांचा आवाज येत होता तेव्हा चेहरा येत नव्हता, आणि चेहरा आला तेव्हा तो जांभई देत होता.) हे वकील तरुण आहेत आणि बोलणं तुपात घोळवलेलं. ते म्हणाले, "मॅडम, आपण स्वतः या पुलांवरून शेकडो वेळा गेला असाल, आपल्याला मी काय सांगावं?" मी म्हटलं, "पुढे बोला." दुसरं काय म्हणणार? तुला ठाऊक आहे, मी तोवर विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. तुझ्याकडे आले ती प्रत्येक वेळी रेल्वेने, रात्रभर आणि वर अर्धा दिवस, आणि तू विचारलंस की सांगत आले, खिडकीतून माणसं दिसतात. पण ज्या पुलावर आपण कधी उभ्या राहिलो नाही त्याच्यावर निकाल द्यायचा, ही गोष्ट मला त्या रात्री जेवण गोड लागू देईना. हे म्हणाले, "मग जा की एकदा. ठमीच्या गावालाच जा." निकाल गुरुवारी द्यायचा होता आणि रजा एकच दिवस मिळण्यासारखी होती. म्हणून सकाळच्या विमानाने जायचं आणि संध्याकाळच्या विमानाने यायचं, असं ठरलं.

इथल्या विमानतळावर गेटवरच्या मुलाने मला सांगितलं, "मॅडम, तुमचं विमान रिमोटला आहे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी विचारलं, "तुमच्याकडे आला पण? कोणी बसवला?"

"काय बसवला?"

"रिमोट."

त्याने माझ्याकडे जत्रेत चुकलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "काकू, रिमोट म्हणजे लांब. तिथे पूल नसतो. बसने जायचं, मग जिना चढायचा."

यातली मौज तुला कळायची नाही, पण मला त्या बसमध्ये उभं राहूनसुद्धा गुदगुल्या होत होत्या. त्या लोकांच्या बोलीत रिमोट म्हणजे जिथे पूलच नाही ती जागा. आणि हे वकील "रिमोट पूल" मागतायत. म्हणजे नसलेल्या पुलाचं पेटंट. हा मुद्दा मी पासाच्या पाठीवर लिहून घेतला, आणि जिना कधी चढले ते मला कळलंही नाही.

तुमच्या विमानतळावर मात्र पूल आला. कासवाने मान बाहेर काढावी तसा बेताबेताने आला, हातभर अलीकडे थबकला, आणि मग टेकला. मी पहिल्या रांगेत होते, त्यामुळे दारात पहिली मीच. मी उंबऱ्यावर उभी राहिले, तपासणीसाठी. डाव्या अंगाला काचेच्या खुराड्यात एक तरुण मुलगी दांडा धरून बसली होती. मी तिला विचारलं, कुठे थांबायचं हे तुला कसं कळतं?

"अंदाजाने, काकू. या पुढे."

"अंदाज म्हणजे किती?"

मागून एका गृहस्थांनी विचारलं, "आजी, मुक्काम इथेच का?"

"मी आजी नाही," मी सांगितलं, "परीक्षक आहे."

"मग पास करा आणि चला पुढे."

यावर विमानातली शेवटच्या बाकापर्यंतची माणसं हसली. मी वळून पाहिलं नाही. परीक्षकाने हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं, तर एकही फाइल निकाली निघायची नाही.

आता, घरी का आले नाही. तुझं घर विमानतळापासून लांब, वाटेत रस्ता खणून ठेवलेला, जाऊन येणं वेळेत बसत नव्हतं. शिवाय तुझ्याकडे आलं की तू जेवल्याशिवाय सोडत नाहीस, आणि जेवण झालं की तू बोलायला सुरुवात करतेस. म्हणून मी दिवसभर आतच काचेशी बसून येणारे-जाणारे पूल पाहिले. संध्याकाळी विमानात चढताना दाराशी फट मोजायला खाली बसले, तेवढ्यात तुझ्या डॉक्टरीणबाई मागे रांगेत निघाल्या. इकडच्या दवाखान्यात त्या महिन्यातून एकदा येतात म्हणे. त्यांनी पाहिलं ते एवढंच. यात बहिणीला टाळण्याचा हेतू कुठेही नाही, हे तुझ्यासारख्या शहाण्या मुलीला पटायला हरकत नाही.

कळावे, आणि या खेपेस समजूनही घ्यावे.

तुझी,
ताई

ता. क. – फाइलचा निकाल दिला. "दुरून" नामंजूर, कारण त्या धंद्यातच त्या शब्दाचा अर्थ भलता होतो. झडपेचा दावा मात्र मंजूर केला. फट झाकावी हे कोणालाही सुचेल खरं, पण मग आजवर कोणी झाकली का नाही? आमच्या कायद्यात याला "दीर्घकाळ जाणवलेली गरज" म्हणतात. ह्यांनी कच्चा निकाल वाचून विचारलं, "कोणाला जाणवलेली?" मी म्हटलं, प्रवाशांना.

पुन्हा ता. क. – हे पत्र तू यजमानांना मोठ्याने वाचून दाखवत असशील. इथून पुढचं मनात वाच. मी फट मोजली नाही. टेप पर्समधून बाहेरच काढली नव्हती. सकाळी उतरताना त्या फटीतून खाली नजर गेली. तळाशी जमीन, आणि जमिनीवर उभा एक टोपीवाला वर माझ्याकडे बघत होता. माझा पाय उचलेना. त्या मुलीला मी प्रश्न विचारत होते ते पाय उचलेपर्यंत वेळ काढायला. शेवटी तीच खुराड्यातून बाहेर आली, माझा हात धरला, म्हणाली, "डोळे मिटा, काकू," आणि इतकी वर्षं लोकांच्या शोधांत फटी शोधणारी तुझी ताई चार बोटं डोळे मिटून ओलांडून गेली. तुझ्याकडे यायला वेळ भरपूर होता. रस्ताही खणलेला नव्हता, निदान मला दिसला तेवढा. मी टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले होते. पण वाटलं, एकदा तुझ्या पलंगावर तुझ्याशेजारी बसले, की परत त्या फटीपाशी मला देवसुद्धा उठवून नेणार नाही. मी रेल्वेने परत जाणार, आणि गुरुवारचा निकाल राहणार. म्हणून रांग सोडून पुन्हा आत जाऊन बसले. आणि संध्याकाळी दारात मी गुडघ्यांवर बसले नव्हते. गुडघेच गेले. तुझा एक गेला आहे, माझे दोन्ही गेले.

शेवटचं ता. क. – निकाल दिल्यावर साहेबांकडे जाऊन पंधरा दिवसांची रजा मागितली. मी रजा मागते याचाच त्यांना धक्का बसला आणि त्या धक्क्यात त्यांनी सही केली. पण ती सुरू होते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. रेल्वेने निघाले, तर मी पोचेपर्यंत तू भुलीतून जागी होऊन कोणाला तरी सूचना देत असशील. म्हणून विमानच हवं, आणि मी तिकीट काढायला बसले आहे. तेव्हा मुख्य काम हे, की तुझ्या डॉक्टरीणबाई पुढच्या महिन्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, इकडून परत येतील का आणि कोणत्या विमानाने ते विचार, आणि मला उलट टपाली नको, आजच फोन करून कळव. त्याच विमानाचं, त्यांच्या शेजारचं काढते. खरं कारण सांगू नकोस. ताईंना तपासणीसाठी एक साक्षीदार हवा आहे, असं सांग. आणि वर त्यांच्या तोंडाबद्दल जे लिहिलं आहे ते पान त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. बाई स्वभावाने चांगल्या असाव्यात, आणि अक्कलदाढा उपटणाऱ्या हाताची पकड घट्टच असणार.