वाईनचा सुवास

कोच मॅकअडम्स यांस,

तुम्ही पाठवलेली बाटली पोचली.

आमच्या रॉयसला तुमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये न्यायला तुम्ही अलाबामात आमच्या घरी आलात, तेव्हा मी बर्फगार बिअरचे कॅन घशात ओतत होतो. "अर्ल, घाई कसली? आधी नाकाला कळू दे," म्हणत तुम्ही मला चांगली बिअर चाखायला शिकवलंत, पुढे वाईनही. बायकोला म्हणालात, "मॅडम, काळजी सोडा. आता रॉयस माझा मुलगा."

रॉयस सुट्टीला घरी आलाय. काल बाटली उघडून त्याच्या नाकाशी ग्लास धरला आणि ऐटीत विचारलं, "ओळख पाहू, कसला वास?"

"कसलाच नाही, बाबा."

"नीट हुंग की, गाढवा!"

"ऑक्टोबरातल्या मॅचमध्ये हेल्मेटवर हेल्मेट आदळलं ना, तेव्हापासून वासच येत नाही. आईचं जेवणसुद्धा पुठ्ठ्यासारखं लागतं. कोच म्हणाले, सर्दी आहे, खेळ."

सर्दी? स्वतःच्या पोराला डॉक्टरकडे न नेता असंच मैदानात ढकललं असतंत का हो?

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. त्याची शिष्यवृत्ती दरवर्षी तुमच्या शब्दावर चालू राहते. ती थांबली की त्याचं कॉलेज सुटलं. तुम्हाला फक्त एक कार्ड येईल: 'वाईन पोचली. सुवास अप्रतिम. आभार.'

खाली रॉयसचीही सही असेल.

तुमच्याकडून हुंगायला शिकलेला,
अर्ल टिबेट्स