चतुर्थीची ओहोटी

चिंचणी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैलेशदादास,
धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडली की माईचा गुडघा कुरकुरतो, पण अंगण झाडायचं काही ती सोडत नाही. चिकू यंदा चांगला धरलाय, फक्त उतरवायला माणसं मिळत नाहीत. बोईसरच्या ऑफिसात नवे साहेब आलेत. त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम आजच्या आज हवा असतो, आणि दिला की चार दिवस उघडून बघत नाहीत.

दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी बहीण हाताने पत्र लिहून स्पीड पोस्टाने पाठवते, म्हणून तू हसशील. हस. मला हे टाइप करायचं नव्हतं.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला येतो म्हणालास, तेव्हा मला किती बरं वाटलं ते फोनवर सांगता आलं नाही. तेराव्यानंतर गेलास तो आलाच नाहीस. वर्षभर मी तुझ्या मागे लागले, रुसले, नाही नाही ते बोलले. माई रोज एकदा तरी तुझा विषय काढते. आता तू येणार, आणि अण्णा जिथे सापडले तिथेच, खाडीच्या तोंडाशी त्यांच्या खुंटाजवळ जाऊन पाणी सोडणार. त्या दिवशीची ओहोटीची वेळ तू विचारली आहेस. सांगते.

त्याआधी थोडं दुसरं.

अण्णांचा भरतीचा प्रोग्रॅम तू तसा वरवरच पाहिलास. निवृत्त माणसाचा चाळा म्हणून आपण दोघांनी त्यांची थट्टाही केली. सुरुवात त्यांनी जुन्या आडाख्यापासून केली होती : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. पण आपल्या खाडीच्या तोंडाशी पाणी त्याआधीच फिरतं, भरतीला लागतं. म्हणून त्यांनी तिथे खुंट रोवला, त्यावर रंगाच्या खुणा केल्या, आणि रोज जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून प्रोग्रॅममध्ये दुरुस्त्या केल्या. आपण वाडीवाले, पाणी आपलं नव्हे, पण शेवटी शेवटी ठकीआजीसारखी जन्मभर कालवं फोडणारी बाईसुद्धा कुंपणाशी येऊन ओहोटीची वेळ विचारायची, "बळवंतभाऊ, आज सुकती कवा हाय?"

हा प्रोग्रॅम तीन मशीनवर होता. घरचं, माझं आणि तुझं; त्यातल्या वेळा अण्णांना मोबाइलवर दिसायच्या. एकीकडे बदल केला की तो बाकी दोन्हीकडे आपोआप जायचा. अण्णांनी मशीनना नावं दिली होती, चिंचणी, बोईसर आणि बंगळूर. मी म्हणायचे, अण्णा, वेगळा बॅकअप घ्या. ते म्हणायचे, तीन घरी ठेवलंय, अजून किती ठेवू? एका घरची चूकही तिन्ही घरी जाते, हे त्यांना कधी पटलं नाही.

दादा, आता जे लिहितेय ते वर्षभर लिहायचं टाळलं. गेल्या दिवाळीत तू आलास तेव्हा तुझ्या कंपनीचा कसला तरी प्रोग्रॅम तपासायला तू लॅपटॉपची तारीख पुढच्या वर्षाची केली होतीस, आणि ती तशीच राहिली होती. अण्णांना काहीतरी दाखवताना तू त्यांची फाइल उघडून पुन्हा सेव्ह केलीस. तू महिनोन्महिने तो प्रोग्रॅम जोडलाच नव्हतास, म्हणून तुझ्याकडची फाइल जुनी होती, नुसत्या पाऊणपटीची. पण तिच्यावर तारीख सगळ्यात पुढची. दोन फाइलींत तंटा झाला की नवी तारीख जिंकते, आणि हरलेली फाइल तिच्या मशीनचं नाव लावून बाजूला पडते. अण्णांच्या सगळ्या दुरुस्त्या अशा बाजूला पडल्या. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

अण्णा गेले त्या चतुर्थीला मोबाइलने त्यांना ओहोटी नऊला सांगितली. पाणी आठलाच फिरलं होतं. समोर धुकं, आणि अण्णा त्या दिवसांत पाण्याकडे बघतच नसत, मोबाइलकडे बघत. पुढचं तुला माहीत आहे.

तू हे जाणून केलं नाहीस. मी एकदाही तुला दोष दिला नाही, माईला तर यातलं काही सांगितलंच नाही. तूही स्वतःला लावून घेऊ नकोस. मी हे कधीच सांगितलं नसतं. आता सांगावं लागतंय, कारण गोष्ट तिथे थांबलेली नाही.

तेराव्यानंतर मी अण्णांच्या कॉम्प्युटरची वायर काढली. पुढे त्यातली डिस्कही काढली आणि माईच्या कपाटात लुगड्यांखाली ठेवली. माझ्या मशीनवर प्रोग्रॅम जुन्याच चुकीच्या रूपात चालू होता. पावसाळा सरल्यावर एका दुपारी ऑफिसात डबा खाताना पाहिलं, तर फोल्डरमध्ये एक नवी फाइल बाजूला पडलेली, आणि तिच्यावर नाव चिंचणी. तारीख त्याच दिवसाची. आत अण्णांच्या दुरुस्त्या, आणि शिवाय काही नव्या.

मला वाटलं, काहीतरी अडकलेलं उशिरा आलं. पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. नेटवर्क बघणाऱ्या मेहुलला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, ये मशीन तो चालू दिखा रहा है." मी म्हटलं, ते मशीन म्हणजे रिकामा डबा आहे, आमच्या पडवीत पडलाय. त्याने पुन्हा तपासलं. तेव्हापासून माझ्या टेबलाकडे तो कामापुरताच येतो.

घरी येऊन आधी कपाट उघडलं. डिस्क जागच्या जागी होती. हाताला थंड लागेल असं वाटलं होतं, पण ती कोमट होती. लुगड्यांमुळे असेल.

मग एकदा ठकीआजीने मला वेळ विचारली. कसं कोण जाणे, मी त्या बाजूला पडलेल्या फाइलीतली सांगितली. आजी परत आली आणि म्हणाली, "तुज्या बापासारखी सांगतंस गो. जरा पन इकडंतिकडं नाय." त्यानंतर मी त्या फाइली पुसणं सोडलं. खरं सांगू, मला त्या आवडायला लागल्या होत्या. सकाळी ऑफिसात गेल्यावर अण्णांनी आज काय बदललं ते आधी बघायचे.

तू येणार असं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासाठी वर्षश्राद्धाची चतुर्थी काढून पाहिली. माझ्या फाइलीत, ती चुकीची का असेना, ओहोटी आहे. चिंचणीच्या फाइलीत नाही. दादा, इतर कुठल्याही दिवशी दोन भरत्या, दोन ओहोट्या. त्या एका दिवशी सकाळपासून पुढची सकाळ होईपर्यंत नुसती भरती. ओहोटीच्या जागा कोऱ्या. मी त्यात हाताने वेळा भरल्या आणि तारीख मुद्दाम पुढची दिली, म्हणजे माझीच फाइल जिंकेल. ती जिंकली. तासाभरात चिंचणीची फाइल पुन्हा आली, तिची तारीख माझ्याहून एका दिवसाने पुढची. ही युक्ती अण्णांना जिवंतपणी येत नव्हती.

शेवटी माईला सांगितलं, तुझ्या लॅपटॉपचं सोडून बाकी सगळं. मला वाटलं रडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "त्यांना आवडत नसंल तर कशाला जायचा तिथं?" मी विचारलं, काय आवडत नसेल? तिने मूठभर तांदूळ पुढे ओढले. दुपारी तुझ्यासाठी उन्हात घातलेली गादी तिने गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

अण्णा तुला वाचवताहेत की त्या फाइलीवरून तुझ्यावर रागावलेत, मला कळत नाही. वाचवत असतील तर त्यांचं ऐकायला हवं. रागावले असतील तर तू त्या पाण्याजवळ असता कामा नयेस. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी मी एकाच जागी येऊन थांबते. माझं डोकं फिरलंय असं वाटत असेल तर खुशाल वाटू दे, मेहुललाही तसंच वाटतं. श्राद्ध तिथेच बंगळूरला कर, घरातल्या पाण्याने.

तू विचारलेल्या वेळेचं उत्तर हे असं आहे. माईच्या उतारवयात तुला घरी आणायची ही माझी एकच धडपड होती, आणि ती मीच मोडतेय. तिकीट रद्द कर. येऊ नकोस, दादा.

वर्षभर तुझी वाट पाहिलेली,
जागृती