कावळ्याच्या पत्त्यांचा भिडू

एल्क फोर्ड, युटा
२ सप्टेंबर १९९१

चि. थेन यास,
लारू आत्याचे अ. उ. आ.

तुझा पत्ता दर खेपेला बदलतो, तेव्हा हे पत्र हाती पडलं तर बटाट्याच्या शेतावरच्या मुकादमाचे आभार मान. तिकडे आयडाहोत आता गारठा पडू लागला असेल. आजोबांचा लोकरी कोट आहे ना, की तोही कुठल्या ट्रकमध्ये विसरलास?

कामाचं लिहिते. नाताळात आजोबांना जाऊन तीन वर्षं होतील. त्यांच्या आठवणीसाठी घरातल्या सगळ्यांचं एक छोटं पुस्तक करायचं ठरलंय. प्रत्येकाला तीनच प्रश्न, तेही सोपे. आवडता खेळ कोणता? जुन्या दिवसांतली कुठली गोष्ट अजून आठवते? आणि तुझी श्रद्धा, तुझ्याच शब्दांत. आमच्या केंडलने चार पानं भरून दिली. चर्चमध्ये बिशपच्या हाताखाली नेमल्यापासून माझा हा मुलगा मीठ मागतानाही भाषण करतो. तू चार ओळी लिहिल्यास तरी पुरे. श्रद्धा नाही असं लिहिलंस तरी छापीन, पण शुद्धलेखन मी तपासणार.

लहानपणापासून मी वाढवलेल्या पोराची आठवण रोज येते, तुझीही माया असू दे.
तुझी आत्या, लारू


आयडाहो
१९ सप्टेंबर १९९१

ति. लारू आत्यास,
थेनचा शि. सा. न. वि. वि.

कोट आहे. एक बाही कुत्रीने खाल्ली. ती मुकादमाची कुत्री, तिला तीन पाय, तरी ट्रॅक्टरच्या पुढे पळते. तिची गोष्ट सांगत बसलो तर तुझे प्रश्न राहून जातील.

पहिला प्रश्न. रूक. राजाराणीचे पत्ते आपल्या घरात कधी आलेच नाहीत, ते जुगाऱ्यांचे. आपले ते काळ्या कावळ्याचे. दर सोमवारी प्रार्थना आटोपली की तू मक्याच्या लाह्या आणायचीस, आणि आजोबा मला समोर बसवायचे. आम्ही कायमचे भिडू. ते खोकले की तू ओरडायचीस, बाबा खूण करताहेत, यांच्या हातात कावळा आहे, सगळ्यांत मोठा पत्ता! बिचाऱ्यांना खरंच खोकला असायचा. तुझी मिरचीची आमटी किती तिखट असायची, ते जाऊ दे.

दुसरा प्रश्न. लिहितो, पण हे छापायचं नाही. एकोणीस वर्षांचा होतो. दोन वर्षं धर्मप्रचाराला, मिशनवर, जायचे माझे कागद बिशपकडे गेले होते. आजोबांच्या ट्रकमध्ये सीटखाली व्हिस्कीची बाटली सापडली. ज्या मॉर्मन घरात कॉफीसुद्धा येत नाही, तिथे व्हिस्की! आदल्या दिवशी ट्रक मी चालवला होता, म्हणून बाटली माझी ठरली. माझे कागद बिशपच्या खणात गेले ते गेलेच. आत्या, ती बाटली केंडलची होती. आठ दिवसांवर मंदिरात त्याचं लग्न होतं, कळलं असतं तर त्याला मंदिराच्या पायरीवरही उभं केलं नसतं. गोठ्यामागे माझे हात धरून रडला. म्हणाला, लग्न होऊ दे, मग मीच जाऊन सांगतो. मी गप्प बसलो. लग्न झालं, पोरगी झाली, मोठेपण मिळालं. सांगायचं तेवढं राहिलं.

आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी समोर केंडलला बसवलं. बस. आणि त्यालाच भिडू समजून ते गेले.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देईन. ६ ऑक्टोबरला, पहिल्या रविवारी. महिन्याचा पहिला रविवार उपासाचा, त्या दिवशी चर्चचं व्यासपीठ सगळ्यांना मोकळं असतं, बोलणाऱ्याला कोणी खाली बसवत नाही. ज्याच्या मनात येईल त्याने पुढे येऊन आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी, असं सभा चालवणारा केंडलच आपल्या तोंडाने सांगेल. माझ्या मनात चार वर्षांपासून येतंय.

रागावलीस तरी तोडू नकोस.
तुझा, थेन


एल्क फोर्ड
१२ ऑक्टोबर १९९१

चि. थेन यास अ. उ. आ.

शेजारची मर्लिन सांगत होती, रविवारी सकाळी एका बाहीचा कोट घातलेला कोणी चर्चचं कुलूप हलवत होता. अरे वेड्या, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सॉल्ट लेकला महासभा असते! अख्खं गाव घरी टीव्हीसमोर दालचिनीचे रोल खात बसतं. त्या महिन्याचा उपास आम्ही आठवडाभर आधीच उरकला. मॉर्मन घरात वाढलास आणि हे विसरलास? उपाशी पोटी किती मैल आलास रे? आणि माझ्या दारावरून तसाच गेलास. आता वरच्या मेंढवाड्यावर काम धरलंयस असं कळलं, म्हणून तिथे लिहिते.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. केंडलला दाखवलं नाही. लग्नाच्या सकाळी तो न्हाणीघरात ओकत होता. मी म्हटलं, नवरदेव घाबरलाय. त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुझ्या खुर्चीत त्याला बसवून मी दोन हिवाळे पत्ते वाटले.

केंडलची आई म्हणून तुला अडवायला हवं. अडवणार नाही. ३ नोव्हेंबरला दार उघडं असेल, सभा तोच चालवेल, आणि तू येणार हे त्याला माझ्या तोंडून कळणार नाही. सगळं बोलायचं की अर्धं, ते तू ठरव.

कोट घेऊन ये, बाही लावून देते.
लारू आत्या


एल्क फोर्ड
१२ नोव्हेंबर १९९१

चि. थेन यास अ. उ. आ.

बोललास आणि मागच्या मागे निघून गेलास. कोटाला बाही लावायची राहिली. म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

मला वाटलं होतं तू आग ओकशील. तू फक्त केंडलचे आभार मानलेस, कशाबद्दल ते त्याला ठाऊक आहे म्हणालास, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा येईन, मग जानेवारीतही, असं सांगून उतरलास. बायकांना वाटलं, किती गोड पोरगा! दोघींनी डोळे पुसले. केंडलला समारोपाच्या गाण्याचा पुस्तकातला आकडा वाचता येईना.

संध्याकाळी उपास सोडायला सगळे माझ्याकडे होते. त्याने ताटाला हात लावला नाही. मी रूकचे पत्ते काढले, चौघांचे वाटले आणि आजोबांच्या खुर्चीसमोर तुझ्या वाट्याचे पत्ते पालथे ठेवले. त्याने विचारलं, थेन किती दिवस मेंढवाड्यावर आहे? मी म्हटलं, मेंढ्या संपेपर्यंत.

मंगळवारी तो बिशपकडे गेला आणि बाटली आपली होती हे सांगितलं. बायकोला, जनीलला, आधी सांगितलं, ती पोरीला घेऊन माहेरी गेली आहे. परवाच्या रविवारी त्याला पदावरून मोकळं केलं. रीतीप्रमाणे आजवरच्या सेवेबद्दल सगळ्यांनी हात वर करून आभार मानले. मी हात वर केला नाही. शेजारच्या मर्लिनने कोपर मारलं, तरी नाही. घरी येऊन मात्र रडले. माझाच आहे ना तो.

बिशप म्हणतात, तुझे कागद आजही पाठवता येतील. आणि पुस्तक छापायला जायचंय, तुझा तिसरा प्रश्न कोराच आहे.

लारू आत्या


मेंढवाडा
१८ नोव्हेंबर १९९१

ति. लारू आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या रडण्याचं वाचून दोन दिवस लिहायला बसलो नाही. पण खोटं लिहीत नाही, बाकीचं वाचून बरं वाटलं.

सगळंच बोलायला गेलो होतो. व्यासपीठावरून मागे वळून पाहिलं तर केंडलने डोळे मिटून घेतले होते, फटका खायला तयार झाल्यासारखे. वाटलं, एका फटक्यात कशाला सोडू?

बिशपना सांग, कागद खणातच राहू देत. आजोबांचे दोन हिवाळे त्यांच्या खणात असतील तर ते पाठवा म्हणावं.

तिसरं उत्तर, हे छाप: 'देव ऐकतो, हे मला माहीत आहे. मी चार वर्षं बोललो नाही, तेही त्याने ऐकलं.' शुद्धलेखन तपास.

आणि १ डिसेंबरला मी येणार आहे. चर्चमध्ये तोंड उघडणार नाही. संध्याकाळी तुझ्याकडे. आजोबांच्या खुर्चीत मी बसेन आणि समोर केंडल. भिडूला डावभर समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नजर चुकवली तर बोली चुकते. आणि मग अख्खा हिवाळा, दर सोमवारी. त्याला जमणार नसेल तर आत्ताच सांगू दे.

पत्ते तूच वाट. सुई-दोरा काढून ठेव.

तुझा, थेन