झऱ्याची वाट

७ फेब्रुवारी
झऱ्याच्या वाटेवर पुन्हा फांद्या आडव्या टाकल्या. कुणीतरी बाजूला सारल्या होत्या. ‘वाट बंद’ची पाटी उपटून बसायला घेतली होती. पाटीवर बिस्किटांचा चुरा.

ही वाट दोन वर्षांपूर्वी मीच बंद केली. सुटीच्या दिवशी माणसं झऱ्यात अंघोळी करायची, मोटारसायकली धुवायची. झाडांची मुळं उघडी पडली होती. थकलेली वाट झाकायची, रोपं लावायची, माणसांना दुसरीकडून न्यायचं – जंगलखात्यात माझं काम हेच. मी त्यांना डोंगराच्या माथ्यावरून वळवलं. तिथून दरी दिसते. फोटो चांगले येतात. कुणाची तक्रार नाही.

झऱ्याचं पाणी नळीने आमच्या घरी येतं. आई दुसरं पाणी पीत नाही.

२० फेब्रुवारी
झऱ्याकडची रोपं कमरेला लागली. माथ्यावरची वाट मात्र पसरत चालली आहे. सगळे जोडीने चालतात, वर मोटारसायकली. गवताची काडी नाही. जीप सहज जाईल.

४ मार्च
साहेब आले. सोबत खाणीचे मॅनेजर. झऱ्याच्या वरच्या अंगाला खाण व्हायची आहे. जंगल सरकारी, रस्त्यासाठी झाडं तोडायची परवानगी मिळत नव्हती. म्हणून इतके दिवस अडलं होतं.

मॅनेजर माथ्यावर उभे राहिले. हात पसरून वाटेची रुंदी पाहिली.

“रस्ता तयारच आहे की. एकही झाड पाडायला नको.”

“आमच्या बाईंचं काम,” साहेब म्हणाले. कौतुकाने.

मी हसले. का हसले माहीत नाही.

५ मार्च
कामावर गेले. आले.

१९ मार्च
दादाला खाणीत पोकलेनवर घेतलं. वर्षभर घरी बसून होता.

आई म्हणाली, “बहीण वाटा झाकते, भाऊ डोंगर उघडतो. बरं चाललंय माझ्या घरात.”

“आई, जेवू दे.”

“जेव की. मी काय तुझा हात धरलाय?”

भांडी घासताना दादाला माथ्यावरच्या वाटेचं सांगितलं. तो ऐकत होता.

“तू नसतीस तर दुसरीकडून आले असते,” म्हणाला. ताट पुसून फळीवर ठेवलं.

खरं असेल.

२ एप्रिल
सुरुंग. माथ्याची वाट आता खाणीच्या गाड्यांना, पर्यटकांना बंद. खिडकीची काच थरथरते, मग थांबते. एका पर्यटकाने विचारलं, माथा परत कधी उघडणार? लांबून आलो होतो हो. मी म्हटलं, चौकशी करा.

११ एप्रिल
नळीला गढूळ पाणी. आईने नळाला फडकं बांधलं. दिवसातून तीनदा बदलते.

२३ एप्रिल
नळी कोरडी.

फांद्या ओलांडून झऱ्याकडे गेले. वाट कुठून जायची ते मलाच शोधावं लागलं. रोपं दाट, खाली पाचोळा, पावलाची खूण नाही. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं. शेवटी खडक. हात लावला. कोरडा.

घरी टँकरचं पाणी भरलं. आईने घोट तोंडात धरला आणि मोरीत टाकला. “तहान नाही,” म्हणाली.

२५ एप्रिल
आईचे ओठ फुटलेत. चमच्याने पाणी दिलं. अर्धं हनुवटीवरून गेलं. दादाने पाहिलं, बाहेर गेला.

२६ एप्रिल
दादा दुपारीच आला. बुटात चिखल, हातात कॅन. खणताना खड्ड्यात पाणी लागलं, काम थांबलं, म्हणाला. उद्या पंप लावून उपसून टाकणार आहेत.

“वरचं निवळ तेवढं आणलंय. गार आहे. बघ तरी, आई.”

आईने भांडं तोंडाला लावलं. सगळं प्यायली. भांडं पुन्हा पुढे केलं.

“आपलंच आहे हे,” म्हणाली. “कुठे सापडलं रे?”