विम्याच्या फॉर्मात आत्या

दिग्रस,
ता. १२ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप कौसल्याआत्यास,

पायांवर डोकं ठेवून नीळकंठचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? निरगुडीचा शेक घेतेस की नुसताच सगळ्यांना सांगतेस? इकडे आम्ही खुशाल. शीला दोन वर्षांची झाली आणि कोणाचंच ऐकत नाही, म्हणजे थेट तुझ्यावर गेली. (नलूवहिनी, सासूबाईंना पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. कंसातला मजकूर कृपा करून मनातल्या मनात वाचावा.)

पत्रास कारण घराचा विमा. आधीच्या कंपनीनं आगीचे पैसे दिले खरे, पण त्यानंतर आपल्या घराचं नाव काढलं की ती कानावर हात ठेवते. विम्याशिवाय राहावं तर समोर कापसाचा जिनिंग कारखाना; हंगामात तिकडून एक ठिणगी उडाली तरी आमचं घर संपलं. म्हणून पुसदहून दुसऱ्या कंपनीचे एजंट पंजाबराव यांना दर विचारायला बोलावलं. पहिली पानं सरळ गेली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, विहीर किती हात. मग आला तो प्रश्न : या घरात पूर्वी आग लागली होती काय, आणि विम्याचे पैसे मागितले होते काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात पंजाबरावांनीच पेन मिटलं. म्हणाले, "मुनीमजी, जुनं कायले उकरता? नाई म्हना, दर कमी लागते." खोटं कशाला बोलू, मी मोहात पडलो. पण कुंदा चहा घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, "सारं लिहा जी. उद्या घर जळलं अन् कंपनीले हे मालूम पडलं, त एक पैसा भेटनार नाई." हे खरं असल्याचं पंजाबरावांनी खाली मान घालून कबूल केलं. कुंदा पाट ओढून बसली आणि तिनं खरं सांगायला सुरुवात केली. ती खरं सांगायला बसली की कोणाला आवरत नाही.

तिनं दोन वर्षांपूर्वीचा कापूस काढला. ओसरीत पाच मण कापूस रचलेला, समोरच्या हंसाबाई दारात थांबून म्हणाल्या, केवढा हो कापूस! झालं, तू कापसाची दृष्ट काढायला घेतलीस. मीठ, मोहरी, सात मिरच्या कापसावरून उतरवून शेगडीत टाकल्यास. (इथपर्यंत शास्त्राला धरून होतं.) पण मिरच्या करपल्या तरी कोणाला ठसका लागेना. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, असं म्हणून तू आणखी मूठभर मिरच्या टाकल्यास आणि सुपानं वारा घातलास. मग दृष्टही गेली आणि कापूसही गेला. पंजाबराव लिहायचे थांबले. आगीचं कारण 'दृष्ट' असं कंपनीला कसं कळवावं, हे त्यांना सुचेना. शेवटी 'शेगडी' लिहिलं.

तेवढ्यावर थांबेल तर ती कुंदा कसली! तिनं शीलाच्या वेळचं बाळंतपणही सांगितलं. बाजेखाली शेकाचे निखारे तू जरा सढळ हातानं ठेवलेस आणि बाजेचा सुंभ जळून बाळ-बाळंतीण दोघी खाली आल्या, ते. पंजाबरावांनी विचारलं, "याचे पैसे मांगले होते काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी घाम पुसला आणि तेही लिहून घेतलं.

आत्या, आता जे लिहितो ते दोन वर्षं पोटात आहे. कापूस जळल्यावर जुन्या कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय उपाय केला? तो सांगेल तसं मी लिहीत गेलो : 'संबंधित वृद्ध बाईस तिच्या गावी पाठवीत आहोत.' त्यानं ते ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तू आत भाकरी थापत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तू आर्णीला निघालीस. मी अडवलं नाही. दोन दिवाळ्या गेल्या, तू आली नाहीस. कापूस पेटला तेव्हा तू हात भाजून घेऊन शीलाला आगीतून उचललंस, हे लिहायला त्या फॉर्मात रकानाच नव्हता. पण मला तोंड होतं, आणि मी ते उघडलं नाही. चुकलो. (वहिनी, हे मात्र मोठ्यानं वाचा. दोनदा वाचलं तरी चालेल.)

बाकी विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. उत्तराची घाई नाही.

तुझा,
नीळकंठ

ता. क. : घाई आहे. कुंदाला सातवा लागला आहे. तिला आई नाही हे तू जाणतेसच. शेजारच्या चंदाबाई बाळंतपण करायला तयार आहेत, पण कुंदा म्हणते, शेक घेईन तर आत्याबाईंच्याच हातचा. मी बाजेची आठवण दिली. ती म्हणाली, "बाज नवी आनली नं!"

आणखी एक ता. क. : पंजाबरावांनी दोन दर काढले. संबंधित बाई पुन्हा या घरात राहायला येणार नसतील तर वर्षाला अकरा रुपये, येणार असतील तर साडेसतरा. मी विचारात पडलेला पाहून कुंदानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात 'येणार' असं ठळक लिहिलं. त्याखाली मी सही केली, 'वरील सर्व माहिती खरी आहे' म्हणून. तेव्हा आत्या, तू आली नाहीस तर कंपनीला खोटी माहिती दिल्याबद्दल मी गुन्हेगार ठरतो.