मागाच्या पावड्या

टोकियो, जानेवारी १९७४

बाबा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहो. थंडी आहे, पण आईनं दिलेलं स्वेटर पुरते. तिची कंबर कशी आहे?

इथं मी काचेसारख्या पातळ प्लास्टिकवर चित्रं रंगवतो. एका चित्रात काही नाही, जसं एका धाग्यात लुगडं दिसत नाही. सगळी भरभर सरकली की पडद्यावर बाईचा पदर वाऱ्यानं हलते.

काल आम्ही रंगवलेला सिनेमा पाहिला. त्यात एक म्हातारा विणकर आहे. धागा तुटला की बोटाले राख लावून जोडते, अगदी तुमच्यासारखा. दिवे लागले तर शेजारचा माझ्याकडे पाहून राहिला होता. खुर्चीखाली माझे पाय, मागावर बसल्यासारखे, पावड्या दाबून राहिले होते.

चंद्रकलाताईनं लिहिलं, तुम्ही माग लकडगंजच्या लाकडाच्या टालवर सरपणाच्या भावानं देऊन राहिले. काहून जी? थांबा ना. मी सुटी मागितली, देत नाहीत. पुन्हा मागतो.

हे पत्र उशिरा पोचलं, माग गेलाच असला, तर टालवर जाऊन पावड्या तेवढ्या परत आणा. तुमच्या पायांचे खळगे पडले आहेत त्यात.

तुमचा ईश्वरदास